मदत हवी आहे: जादा गोऱ्ह्यांना मांसबाजारात गिऱ्हाईक कसं मिळवायचं?

मंडळी, गोठ्यात होल्स्टीन आणि जर्सी आहेत. कालवडी ठेवतो, गोऱ्हे मात्र आठवड्याच्या आत मिळेल त्या भावाने जातात. होल्स्टीनचं वासरू जन्मतः 40 किलोच्या आसपास भरतं, त्याला घेणारा तरी भेटतो. जर्सीचं जेमतेम 25 किलोचं पोर बघून व्यापारी गाडीतून उतरतही नाही.

आता चांगल्या गायींना लिंगनिर्धारित वीर्य वापरायचं, म्हणजे 90 टक्क्यांच्या आसपास कालवडीच होतील, आणि उरलेल्यांना अँगस या मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या जातीचं भरायचं असं ठरवतोय. संकरित वासरं अंगाने भरतात हे पटतं. पण वळू निवडताना वाढ आधी बघू की सुलभ विणं? जर्सी विताना अडली तर वासरापायी दूधही जायचं.

शिवाय वासरं दूध तोडल्यावर विकावीत की वर्षभर पोसून? खुराकाचा हिशेब काही केल्या बसत नाही. पोसणाऱ्याशी आधीच करार केलाय का कुणी? त्यात वजन, लसीकरण, चीक पाजल्याची नोंद, यातलं काय मागतात? गोऱ्ह्यालाही मी पहिल्या 6 तासांत चीक पाजतो. त्याचे पैसे आजवर कुणी दिलेले नाहीत.