समुद्राकाठची जुनी गावं, एक दिवस सायकलवर : तुमचे अनुभव सांगा

आपल्या मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांना समुद्र नाही. म्हणून असेल, पण आपली माणसं समुद्राकाठी गेली की पाण्यात पाय बुडवतात, मासे नाहीतर भेळ खातात आणि परत फिरतात. बंदराचं जुनं गाव मागे तसंच राहतं. हल्ली अशा बऱ्याच गावांत गाईडसोबत सकाळपासून दुपारपर्यंत सायकलवर हिंडता येतं. तुम्ही गेला असाल तर कुठे गेलात, काय पाहिलंत, काय चुकलं, सगळं लिहा. सुरुवात मीच करते.

छत्रपती संभाजीनगर
आम्ही चौघं फोर्ट कोचीला गेलो होतो. सोबत माझे सासरे, वय अडुसष्ट. ‘यांना झेपेल का’ हा प्रश्न गाईडने विचारला, आम्हाला नव्हता. त्यांचं आयुष्य शेतावर सायकलने जाण्यात गेलंय. सकाळी साडेसहाला निघालो. रस्ता अगदी सपाट, चढ नावाला नाही. आधी सेंट फ्रान्सिस चर्च. वास्को द गामा 1524 मध्ये कोचीतच वारला आणि इथे पुरला गेला. 1539 मध्ये त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. रिकाम्या थडग्यापाशी गाईड हळू आवाजात बोलत होता, ते मला आवडलं.

पण खरी सकाळ चिनी जाळ्यांपाशी उगवली. केवढी तरी मोठी जाळी, लाकडाच्या लांब वाशांना टांगलेली. मागच्या बाजूला दोरखंडांना डोक्याएवढे दगड बांधलेले, प्रत्येक दोराची लांबी वेगळी. जाळं वर यायला लागलं की एकेक दगड फळीवर टेकत जातो आणि तोल सांभाळला जातो. कोळ्यांनी आम्हालाही दोर ओढू दिला. ओला, खरखरीत, मनगटाएवढा दोर. सासरे ओढता ओढता म्हणाले, “हे तं मोटंचं काम हाय. नाडा असाच हातात यायचा.” गाईडला मोट म्हणजे काय ते हातवारे करून त्यांनीच समजावलं. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, तरी दहा मिनिटं बोलत होते.

पुढे मट्टनचेरी. सुंठ आणि मिऱ्यांच्या वखारींचा वास सायकलवर सतत नाकाशी असतो. गाडीच्या काचा लावून गेलो असतो तर तो आला नसता. 1568 चं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, पाहायचं तर शनिवार टाळा, बंद असतं. आत निळ्या-पांढऱ्या चिनी फरशा आहेत, हाताने रंगवलेल्या. खाली वाकून बघा.

आपल्याकडचं ऊन भाजतं, तिथलं अंगाला चिकटतं. सुती कपडे आणि पाणी हवंच.

परभणी
मी दहावीनंतर सायकलला हात लावला नव्हता. पुदुच्चेरीत बहिणीने बळेच नाव घातलं. गाईड एक तरुण मुलगी होती. तिने आधी सीट खाली घेऊन दिली, गल्लीत दोन फेऱ्या मारायला लावल्या आणि मगच बाकीच्यांना निघू दिलं. त्या दोन फेऱ्यांसाठी मी तिचे आभार कितीदा मानले असतील.

फ्रेंच वस्तीतल्या पिवळ्या भिंती, बोगनवेली, निळ्या पाट्या सगळ्यांनी फोटोत पाहिल्यात. मला आवडली कालव्यापलीकडची तमिळ वस्ती. तिथल्या घरांच्या दाराबाहेर ओटा असतो, ‘तिन्नई’ म्हणतात. वाटसरूने बसावं, पाणी प्यावं, पुढे जावं. आमच्या आजोळच्या वाड्याची ढाळज, दारातली बसायची जागा, आठवली. वाडा पडला, ढाळजही गेली. मी त्या तिन्नईवर सायकल टेकवून बसले आणि कुणी उठवलं नाही.

बीड
माझा अनुभव वाईट आहे, तोही सांगतो. कोकणातल्या एका गावात सायकली घेतल्या. खाऱ्या हवेने चेन गंजलेली, मागचा ब्रेक नुसता लटकत होता. उतारावर मुलगा पडला, गुडघा सोलला. गाईडकडे पट्टीसुद्धा नव्हती. एका घरातल्या आजींनी हळद लावून दिली. पैसे देण्याआधी दोन्ही ब्रेक दाबून बघा, चाक उचलून फिरवून बघा, हेल्मेट मागा. लहान मूल असेल तर त्याच्या मापाची सायकल आहे का, हे आदल्या दिवशीच विचारा.

तेर, जि. धाराशिव
रेल्वेने मुंबई, तिथून अलिबाग आणि मग चौल-रेवदंडा असं गेलो होतो. दोन्ही गावं एकमेकांना लागून, सुपारीच्या वाड्यांतून सावलीतली वाट. रेवदंड्यात पोर्तुगीज कोटाचा सातखणी मनोरा, चौलला रामेश्वराचं देऊळ आणि पुष्करणी. गाईड गावातलाच, नीट अभ्यास केलेला. पुष्करणीच्या पायरीवर बसवून म्हणाला, दोन हजार वर्षांपूर्वी या बंदरावरून जहाजं जायची, माल घाटावरून, ‘वरून’ यायचा.

मी म्हणालो, दादा, ते ‘वर’ म्हणजे आम्ही. पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशाच्या ‘पेरिप्लस’ या पुस्तकात चौलचं नाव आहे, तसं पैठणचं आणि आमच्या तेरचंही आहे. तगर म्हणतो तो तेरला. इथलं कापड आणि पैठणचे मौल्यवान खडे बैलगाड्यांतून गुजरातेतल्या भडोच बंदराला जायचे, असं लिहिलंय. तेरला सापडलेली हस्तिदंती बाई इटलीत पाँपेईला सापडलेल्या मूर्तीच्या जवळची आहे. गाईडने ते वहीत लिहून घेतलं आणि म्हणाला, आता पुढच्या लोकांना तेरचं नाव घेऊन सांगीन.

परत आल्यापासून डोक्यात एकच आहे. आमच्याकडे त्रिविक्रमाचं विटांचं देऊळ आहे, लामतुरे संग्रहालय आहे, गोरोबाकाकांचं मंदिर आहे, तेरणा आहे. सगळं सायकलच्या अंतरावर. पण बाहेरचा माणूस गोरोबाकाकांचं दर्शन घेतो आणि गाडीत बसतो. मी भाच्याच्या, शेजाऱ्यांच्या मिळून पाच सायकली जमवल्यात, चेनला तेल घातलंय, ब्रेक बदललेत. बीडच्या दादांचं वाचून पट्ट्यांचा डबाही घेतला. पैसे घेणार नाही. कोणी येणार असाल तर थंडीत या, आणि आदल्या दिवशी कळवा म्हणजे सीट उंचीप्रमाणे लावून ठेवतो.

परभणी
ढाळज असलेला एखादा वाडा तेरला उभा आहे का? असेल तर मी आणि बहीण दोघी येतो. माझी सीट खाली ठेवा.