८५ हजार पुरेसे म्हणणाऱ्यांनी आधी तास मोजावेत

रात्रपाळी: "निवासी डॉक्टरांना शिकता शिकता महिन्याला ८५ हजार मिळतात, तरी रडगाणं संपत नाही," अशी पोस्ट काल वाचली. रात्रभर डोक्यातून गेली नाही, म्हणून लिहितो. मी निवासी डॉक्टर, म्हणजे एमबीबीएसनंतर सरकारी रुग्णालयात काम करत पुढचं शिकणारा; सर्जरीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आठवड्याला नव्वद तास होतात, म्हणजे तासाला २२० रुपये. आठ तासांची नोकरी असती तर याच दराने पंचेचाळीस हजार हातात आले असते. केंद्राच्या १९९२च्या निर्देशात आमच्यासाठी आठवड्याला जास्तीत जास्त ४८ तास आणि सलग १२ तास लिहिलेत. मी रविवारी सकाळी आठला वॉर्डात शिरलो, तो सोमवारी संध्याकाळी सहाला बाहेर पडलो. हॉस्टेलला दोघांच्या खोलीत चौघं, म्हणून नागपुरात हनुमाननगरात भाड्याने राहतो. मध्यंतरी दोन महिने स्टायपेंड थकला, तेव्हा घरमालकाचं दार बंद दिसलं की मगच जिना उतरायचो.

मिहानवाला: भाऊ, मी बी.ई. आहे, नागपूरच्या मिहान उद्योगक्षेत्रात नोकरीला, हातात २६ हजार येतात. वाडीहून रोज येणं-जाणं, पेट्रोल माझंच. तुमच्याच हिशेबाने माझा दर तासाला सव्वाशे. फेब्रुवारी २०२४मध्ये तुमच्या मार्डने, निवासी डॉक्टरांच्या संघटनेने, संप केला, १० हजार वाढले. आम्ही संप केला तर दुसऱ्या दिवशी गेटवर कार्ड चालणार नाही. अन् काही वर्षांनी तुम्ही रामदासपेठेत स्वतःच्या दवाखान्याची पाटी लावणार, आम्ही इथंच.

रात्रपाळी: पाटीच्या आधी वर्षभर सरकारी सेवेचा बाँड आहे. मोडला तर ५० लाख. तुम्हाला कमी मिळतं म्हणून मलाही कमी मिळावं, हा कुठला न्याय?

भंडाऱ्याची सून: पगाराचं नंतर पाहू. आधी माणसांशी बोलायला शिका. सासऱ्यांना लकवा मारला, रात्री दोनला नागपूरला आणलं. तुमच्यासारखाच एक पोरगा अंगावर ओरडला, "इथं उभ्या राहू नका, चिठ्ठीवरचं इंजेक्शन आणा!" पायातली चप्पल तुटली, ती हातात घेऊन धावली मी. तीन दुकानं फिरली.

रात्रपाळी: ताई, स्टोअरमध्ये औषध नसतं ते आम्ही ठरवत नाही. शिव्या मात्र आम्हीच खातो. माझ्या सहकाऱ्याची कॉलर धरली होती नातेवाइकांनी.

भंडाऱ्याची सून: मी कोणाची कॉलर नाही धरली! मले काहून ऐकवून राहिले?

वॉर्डातली सिस्टर: वीस वर्षं वॉर्डात काढली. एका पोराला ईसीजीची पट्टी हातात धरून भिंतीला टेकून झोपलेलं पाहिलं आहे. उठवलं तर आधी "सॉरी" म्हणाला, मग पट्टी उलटी धरून वाचू लागला. त्या पट्टीवर कोणाचा तरी जीव होता. पैसे वाढवून ही झोप भरून निघत नाही, माणसं वाढवा.

मिहानवाला: मग पगारवाढ मागूच नका, माणसं मागा.

रात्रपाळी: दोन्ही मागतो. माणसं येईपर्यंत ते तास आम्हीच भरतोय.

भंडाऱ्याची सून: एक लिहायचं राहिलं. पहाटे त्याच पोराने स्वतःच्या पैशाने मला चहा आणून दिला. सासरे वाचले, त्यांच्याकडेही त्यानेच पाहिलं. पण ओरडला तो ओरडलाच, ते मी विसरणार नाही.

मिहानवाला: दोन महिने पैसे थकवणं चूक, एवढं मान्य. वाढीचं अजूनही पटलं नाही.