फ्रान्सच्या खेड्यांतले कमी ट्रॅफिकचे रस्ते, सायकलसाठी मदत हवी आहे (अर्जंट)

निवांत_पेडल
सप्टेंबरमधे फ्रान्सला जातोय, सायकल चालवायचीये, मोठे रस्ते नकोत. गूगल मॅपवर काहीही टाकलं की एकतर भरधाव गाड्यांच्या रस्त्यावर नेतो नाहीतर कुणाच्यातरी शेतात घुसवतो. पॅरिस वगैरे नको, खेडी हवीत, नदी, जुनी दगडी घरं, आणि गाड्या कमीत कमी. तिकिटं काढून झालीत, रोज रात्री जागून बघतोय, काही ठरत नाहीये. कोणी केलं असेल तर सरळ रूट सांगा प्लीज. जीपीएक्स (जीपीएसवर टाकायची रूटची फाइल) असेल तर उत्तमच.

घाटवेडा
कुठला भाग? फ्रान्स महाराष्ट्राच्या जवळपास दुप्पट आहे. सायकल कुठली, रोज किती किमी, चढ चालतील का, सोबत कोण? एवढं तरी सांगा, मग रूट मागा.

गोदाकाठ
अहो फ्रान्सला सायकल घेऊन जायचं तर पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसच करा! १२०० किमी, ९० तासांत, चार वर्षांतून एकदा. १८९१ साली सुरू झालेली आहे. आपल्या पुण्या-नाशकाची बरीच मंडळी जाऊन आलीत. वाटेतल्या ब्रिटनी प्रांतात रात्री दोन वाजता लोक घरासमोर टेबल मांडून बसतात, कॉफी काय, केक काय, पैसे घेतच नाहीत. पुढची २०२७ ला आहे. २००, ३००, ४००, ६०० किमीच्या बीआरएम, म्हणजे पात्रतेच्या राईड, आत्तापासून सुरू करा, मी प्लॅन पाठवतो.

निवांत_पेडल
@गोदाकाठ काका, मला शर्यत नाही करायची हो.
@घाटवेडा भाग तुम्हीच सांगा ना, म्हणून तर विचारतोय. टूलूझला भाऊ राहतो, तिथे उतरणार. सायकल भाड्याने. रोज ३०-४० पुरे.

गोदाकाठ
शर्यत नाहीच ती. नंबर लावत नाहीत कुणाला. पण असो.

नकाशाप्रेमी
टूलूझ हे आधी सांगितलं असतंत तर! बरं, रूटच्या आधी रस्त्याचा नंबर वाचायला शिका, बाकी सगळं आपोआप येतं. ए म्हणजे एक्सप्रेसवे, बहुतेक टोलवाले, सायकलला बंदी. एन म्हणजे राष्ट्रीय. डी म्हणजे जिल्ह्याचे. सगळे ब्लॉगवाले डी रस्ते घ्या म्हणून मोकळे होतात आणि लोक तिथेच फसतात, कारण २००६ च्या सुमाराला सरकारने जवळजवळ १८,००० किमी राष्ट्रीय रस्ते जिल्ह्यांच्या गळ्यात मारले आणि त्यांना डी नंबर मिळाले. रस्ता तोच, ट्रक तेच, पाटी नवीन. टूलूझच्या उत्तरेला लोत जिल्ह्यात काओरवरून जाणारा डी ८२० म्हणजे जुना एन २०, फिजाकचा डी ८४० म्हणजे जुना एन १४०. त्या भागात डी ८०० च्या पुढचा आकडा दिसला की दुसरा रस्ता शोधायचा.
दुसरं, मिशेलिनचा कागदी नकाशा घ्या, पिवळ्या कव्हरचा, लोकल सीरिजचा. त्यात लाल रस्ते टाळायचे, पिवळे सकाळी लवकर चालतात, पांढरे आपले. कडेला हिरवी रेघ असेल तर देखावा चांगला. रस्त्यावर बाणाची टोकं काढलेली असतात तो चढ, एक टोक म्हणजे ५ ते ९ टक्के, तीन दिसली तर १३ च्या वर, तिथे उतरून ढकला.

घाटवेडा
कागदी नकाशा, २०२५ मधे? स्ट्राव्हा ॲपचा हीटमॅप उघडा, सायकलवाले कुठून जातात ते दिसतं, झालं काम.

नकाशाप्रेमी
हीटमॅपवर तिथले क्लबवाले दिसतात, ४० च्या स्पीडने जाणारे. त्यांना ट्रॅफिकचं काही वाटत नाही. हीटमॅप कुठे सायकली जातात ते सांगतो, कुठे गाड्या जात नाहीत ते नाही सांगत.

निवांत_पेडल
भांडण नंतर करा ना. रूट??

नकाशाप्रेमी
सेले नदीचं खोरं. टूलूझहून फिजाकला लोकल ट्रेन, दोन-अडीच तास. फिजाकच्या पश्चिमेला थोडं गेलं की डी ४१ सुरू होतो तो काँद्यूशेपर्यंत नदीचा हात सोडत नाही. एस्पान्याक, ब्रँग, मार्सियाक, काब्रेरे अशी गावं. एका बाजूला चुनखडीचे पिवळट कडे, काही ठिकाणी तर कडा रस्त्यावर ओणवा झालेला, आणि घरं त्या कड्याला पाठ लावून बांधलेली. काब्रेरेजवळ पेश मेर्लची गुहा आहे, आत हजारो वर्षांपूर्वीची ठिपक्यांच्या घोड्यांची चित्रं, रोज मोजक्याच लोकांना सोडतात म्हणून बुकिंग आधी करा. पुढे सेले लोत नदीला मिळते, तिथून डी ६६२ आणि पुढे डी ६५३ ने काओर आणि काओरहून टूलूझला परत ट्रेन. या रस्त्यांवर गाड्या जास्त, तो तुकडा सकाळी काढा. दोन-तीन दिवसांत निवांत होतं.

कालवाकाठी
मी टूलूझलाच असते. एवढ्या लांब कशाला जायचं? कॅनाल दू मिदी शहरातूनच सुरू होतो, कडेने पोर-लोरागेपर्यंत ५० किमी चक्क डांबरी ट्रॅक, एकही गाडी नाही, चढ नावाला. जागतिक वारसा आहे तो.

नकाशाप्रेमी
आणि पोर-लोरागेच्या पुढे? माती, खडी आणि झाडांची मुळं. भाड्याच्या सायकलवर मणके खिळखिळे होतात. शिवाय त्यांनी रस्ते विचारलेत, कालवा नाही.

कालवाकाठी
पुढे जा कोण म्हणतंय? ते ३०-४० म्हणतायत, मी ५० देतेय. सावलीबद्दल मात्र सांगून ठेवते, कालव्याकाठच्या चिनारांना २००६ पासून बुरशीचा रोग लागलाय, पुढच्या पट्ट्यात हजारो झाडं तोडलीत. नवीन लावतायत पण ती अजून पोरं आहेत.

निवांत_पेडल
डी ४१ आवडला. फक्त एक, आठ वर्षांच्या मुलीला तिथे स्वतःची सायकल चालवता येईल ना?

घाटवेडा
मुलगी??

गोदाकाठ
अरे देवा. बरं झालं बीआरएमचा प्लॅन पाठवला नाही.

निवांत_पेडल
फॅमिली ट्रिप आहे, उघड आहे ना. बायकोला पण गाड्यांची भीती वाटते, म्हणून तर शांत रस्ते.

कालवाकाठी
मग माझंच ऐका. पहिल्या दिवशी कालवा, तिथे मुलगी कशी चालवते ते कळेल. आणि १२ च्या खालच्या मुलांना हेल्मेट कायद्याने सक्तीचं आहे, दुकानात सायकलबरोबर मागून घ्या. गाडीवाल्यांना गावाबाहेर ओव्हरटेक करताना दीड मीटर सोडायचा नियम आहे आणि खेड्यांत बहुतेक जण पाळतात, तरी लहान मूल ते लहान मूल.

नकाशाप्रेमी
मुलगी असेल तर डी ४१ वर तिची सायकल तुमच्या सायकलला मागे जोडता येणारी घ्या, वळणं आंधळी आहेत. किंवा अजून सोपं, काओरच्याही पुढे सुइयाकला उतरा. तिथून जवळच काझूलेस, आणि काझूलेस ते सार्ला जुनी रेल्वेलाइन उखडून केलेला डांबरी ट्रॅक आहे, पंचवीसेक किमी. रेल्वेचा असल्यामुळे चढ जाणवतसुद्धा नाही. मुलगी पुढे, तुम्ही मागे.

सुगरणबाई
शाकाहारी असाल तर थेपले आणि मेतकूट घेऊन जा, खेड्यात सॅलडमधे पण बदकाचं मांस घालतात त्या भागात. दुकानं १२ ला बंद होतात ती दोन-अडीचपर्यंत उघडत नाहीत. सोमवारी बऱ्याच बेकऱ्या बंद, रविवारी दुपारनंतर सगळंच बंद. मेतकूटाची रेसिपी हवी असेल तर सांगा.

घाटवेडा
पाण्याचं मी सांगतो, बाटली संपली की दफनभूमी शोधायची. फुलांसाठी नळ असतो गेटजवळ. वर "नाँ पोताब्ल" लिहिलं असेल तर प्यायचं नाही.

सुगरणबाई
ईऽऽ. मी तर नाही प्यायले बाई.

घाटवेडा
तहान लागली नसेल तुम्हाला.

निवांत_पेडल
ओके, पहिला दिवस कालवा, मग सुइयाक-सार्ला. डी ४१ मी एकटा एक दिवस करीन, बायको मुलीला घेऊन भावाकडे थांबेल. ट्रेनमधे सायकलचं तिकीट?

कालवाकाठी
लोकलमधे सहसा फुकट, पण सायकल टांगायचे हूक मोजके, भरले की पुढची गाडी. शनिवारी सकाळी नका जाऊ. पॅरिसकडे जाणाऱ्या लांबच्या गाडीत बसलात तर सायकलचं रिझर्व्हेशन आधी करावं लागतं.

गोदाकाठ
एक कुणीच सांगितलं नाही. तिकडे पुढचा ब्रेक डाव्या हाताला असतो, आपल्याकडे उजव्या. उतारावर सवयीने डावा करकचून दाबला की सायकलवरून पुढे जाल. दुकानातून निघायच्या आधी तिघांच्याही सायकली पार्किंगमधे चालवून बघा.

घाटवेडा
दुकानवाल्याला सांगून बदलून घेता येतात की ब्रेक.

गोदाकाठ
हायड्रॉलिक असले तर नाही बदलून देत तो, हसतो फक्त. मुलीचे ब्रेक आधी बघा.