मदत हवी आहे : नाशिक मध्यचे २०१९ आणि २०२४ चे बूथ कसे जुळवावेत?

नमस्कार मंडळी. राज्यशास्त्रातील पीएचडीच्या आराखड्यासाठी नाशिक मध्य विधानसभा मतदारसंघाचे बूथनिहाय निकाल तपासत आहे. अडचण आकडे मिळवण्याची नाही. फॉर्म २० मध्ये (निवडणुकीच्या अंतिम निकालपत्रकात) प्रत्येक केंद्रावरची उमेदवारनिहाय मते असतात, टपाली मते शेवटी वेगळी. पण दोन निवडणुकांच्या मध्ये केंद्रांचे विभाजन आणि विलीनीकरण होते, त्यामुळे उदाहरणार्थ केंद्र क्रमांक ८७ दोन्ही वर्षी एकाच वस्तीचा असेलच असे नाही. नुसते क्रमांक जुळवले तर मतांची जी हालचाल दिसेल ती खोटी असेल.

सध्या मतदार यादीच्या प्रत्येक भागाच्या (एका केंद्राची यादी म्हणजे एक भाग) पहिल्या पानावरची वस्त्यांची नावे घेऊन जुळणी चालू आहे. भाग फुटला असेल तर नवे भाग एकत्र करून जुन्याशी तुलना. २०१९ च्या यादीची ती पहिली पाने कुणाकडे जपलेली आहेत का? मतदारांची नावे नकोत, फक्त पहिले पान.

दुसरे, हीच मते २०१७ च्या महापालिका निकालाशी जोडायची आहेत. तिथे बहुतेक प्रभागांत चार जागा, म्हणजे एका मतदाराची चार मते, आणि प्रभागाची हद्द जनगणनेच्या प्रगणक गटांवरून (मोजणीसाठी पाडलेल्या छोट्या विभागांवरून) ठरलेली. चारही जागांची पक्षनिहाय सरासरी घ्यावी की फक्त सर्वसाधारण जागा धरावी? माझा कल सरासरीकडे आहे, पण पक्षाने चारही जागा लढवल्या नसतील तिथे ती फसते.

आणि जेआरएफ (कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती) नसताना, नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या गुणांवर पीएचडीला प्रवेश घेतलेल्यांनी अशा क्षेत्रकामाचा खर्च कुठून भागवला, तेही कळवा.