बारा हजारांत आरसी हेलिकॉप्टर: जुनं ४५० घेऊ की छोटं नवीन?

कोयनाकाठ:
नमस्कार मंडळी. मी कराडचा, तासवडे एमआयडीसीत टर्नर आहे. आरसी हेलिकॉप्टर शिकायचंय, अगदी मनापासून. सगळं मिळून बारा हजार बाजूला काढलेत, दिवाळीच्या बोनसपर्यंत त्यावर एक रुपयाही चढणार नाही. ओळखीतला एकजण ४५० साइजचं (एकेक पातं ३२५ मिमीचं) जुनं मशीन सात हजारांना देतोय. रिमोट, दोन बॅटऱ्या, चार्जर सगळं त्यात आलं. बॅटऱ्या जरा फुगल्यात म्हणाला. वाकलेले शाफ्ट मी लेथवर स्वतः काढू शकेन. घेऊ का? की खेळण्यांच्या दुकानात ते एकावर एक दोन पंखे असलेलं मिळतं, त्याच्यावर हात बसवू?

स्वॉशप्लेट:
तूर्त ते ४५० घेऊ नका.

सात हजार हा भाव वाईट नाही, पण या छंदात खरा पैसा पडल्यावर जातो. ४५० जमिनीवर नुसतं कलंडलं तरी पाती, फेदरिंग शाफ्ट (दोन्ही पाती धरणारा आडवा दांडा), मेन शाफ्ट, मेन गिअर आणि बहुतेक वेळा टेल बूम (शेपटीची नळी) एका दमात जातं. शिकताना ते कलंडणारच. पहिल्या महिन्यातच उरलेले पाच हजार स्पेअरमध्ये संपतील आणि मशीन माळ्यावर जाईल. असं माळ्यावर गेलेलं मशीनच मग कुणीतरी सात हजारांना विकायला काढतं.

आता शाफ्टचं. तुम्ही टर्नर आहात म्हणून नीट सांगतो. ४५० चा मेन शाफ्ट ५ मिमीचा. तो चांगल्या सिल्व्हर स्टीलमधून काढलात तर एक वेळ चालेल. पण डोक्यातून आडवा जाणारा ३ मिमीचा फेदरिंग शाफ्ट घरी करू नका. हिशोब बघा: ३२५ मिमीचं पातं, वजन धरा २५ ग्रॅम, फेरे मिनिटाला २८००. पात्याचा गुरुत्वमध्य अक्षापासून २० सेंटीमीटरवर धरला, तर एकेक पातं चाळीस किलोहून जास्त जोरानं बाहेर ओढत असतं. ती सगळी ओढ शाफ्टच्या टोकातल्या बारीक स्क्रूच्या आट्यावर येते. आटा निसटला की पातं सुटलं. त्या वेळी पात्याच्या टोकाचा वेग ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या पुढे असतो, म्हणजे समोरच्या माणसाच्या जिवाशी खेळ. हा शाफ्ट कंपनीचा नवाच घालायचा, स्क्रूला निळं लॉकटाइट (स्क्रू ढिला होऊ न देणारा डिंक) लावायचं आणि पडल्यानंतर तो काढून काचेवर लोळवून बघायचा. खालून उजेडाची फट दिसली की फेकून द्यायचा, सरळ करत बसायचं नाही.

आणि फुगलेल्या बॅटऱ्या फुकट दिल्या तरी नकोत. फुगलेली लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी चार्जिंगला लावली की घरात आग लागायची भीती असते.

दोन पंख्यांचं खेळणं घरात पोरांना छान. ते आपलं आपणच स्थिर राहतं. पण खऱ्या हेलिकॉप्टरला सतत सावरावं लागतं आणि नेमकं तेच त्याच्यावर शिकायला मिळत नाही.

मी तुमच्या जागी असतो तर अर्ध्याहून जास्त पैसे ट्रान्समीटरवर, म्हणजे रिमोटवर, घातले असते. रेडिओमास्टर पॉकेटची सीसी२५०० (आतल्या रेडिओ चिपचं नाव) वाली आवृत्ती बघा. यूएसबी केबलनं कॉम्प्युटरला जोडली की तीच जॉयस्टिक होते, वेगळा डोंगल लागत नाही. हेली-एक्स सिम्युलेटरची डेमो उतरवून घ्या आणि रोज रात्री जेवण झाल्यावर अर्धा तास फक्त हॉवर, म्हणजे एका जागी तरंगत ठेवणं. दुसरं काही नाही. सिम्युलेटरवर पडण्याचे पैसे पडत नाहीत.

हेलिकॉप्टर नंतर, बोनसवर. एक्सके के११० घ्या. जेमतेम पन्नासेक ग्रॅमचं, पण पात्यांचा पिच (कलण्याचा कोन) बदलणारं, म्हणजे मोठ्या मशीनसारखंच वागणारं. ते फुटाबा कंपनीची एस-एफएचएसएस ही रेडिओ भाषा बोलतं आणि पॉकेटची ही आवृत्तीही, त्यामुळे नुसतं मशीन मिळालं तरी भागतं. वजन नाही म्हणून गवतात पडलं तर बहुतेकदा काहीच होत नाही. शेपटीची मोटर मात्र ब्रशची आहे, ती झिजते. एक जादा आणून ठेवा.

मिरजेचा_मिलिंद:
स्वॉशप्लेट साहेबांचं बरोबर आहे, पण बोनसपर्यंत नुसत्या स्क्रीनवर माणूस टिकत नाही. माझा भाचा डब्ल्यूएलटॉइज व्ही९११ वर शिकला. पिच बदलत नाही, चारच चॅनल, पण पंखा एकच आणि पुढे-मागे, डावी-उजवी सगळं हातानं सावरावं लागतं. घरातल्या हॉलमध्ये उडतं. भिंतीवर आपटलं, उचललं, पुन्हा उडवलं. कुणाकडे जुनं मिळालं तर सोडू नका.

स्वॉशप्लेट:
मिलिंदराव, पटलं. व्ही९११ स्वस्तात मिळालं तर जरूर घ्या. सिम्युलेटर मात्र सोडू नका.

सायली_आर:
एक सूचना. परदेशी साइटवरून अख्खं हेलिकॉप्टर मागवताना जपा. ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, त्यामुळे असं पार्सल कस्टममध्ये अडकू शकतं. सुटे भाग आणायला मोकळीक आहे. शक्यतो आधीच भारतात असलेला माल विक्रेत्याकडून बिलासकट घ्या.

दुसरं, ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचं यंत्र नॅनो गटात येतं, त्याला पायलटचा परवाना लागत नाही. पण कराडला धावपट्टी आहे. तुमचं मैदान सरकारच्या डिजिटल स्काय या ड्रोन पोर्टलच्या नकाशावर कुठल्या रंगात येतं ते बघूनच उडवा.

कोयनाकाठ:
सर्वांचे आभार. ४५० ला नाही म्हणून सांगितलं. फेदरिंग शाफ्टचा हिशोब दुपारच्या सुट्टीत सुपरवायझरना दाखवला, तेही म्हणाले नको. आता पॉकेट मागवतोय. एक शंका: सिम्युलेटरवर जमलं की बाहेर पहिल्यांदा कसं उडवायचं? आमच्याकडे संध्याकाळी वारा असतो.

स्वॉशप्लेट:
संध्याकाळ सोडा, पहाटे जा. उजाडल्यावर पहिला तासभर हवा पडलेली असते. गवतात स्किड (खालचे पाय) अडकून मशीन कलंडतं, म्हणून प्लायवूडचा एक तुकडा बरोबर न्या आणि त्याच्यावरून उचला.

शेपटी तुमच्याकडे, तुम्ही तीन-चार पावलं मागे. नजर शेपटीवर नको, नाकावर ठेवा. नवशिक्या माणसाला वाटतं जमिनीला चिकटून राहिलं तर बरं. उलट तिथेच ते जास्त डगमगतं, कारण पंख्याचा वारा जमिनीवर आपटून परत त्याच्याच अंगावर येतो. धीर करून छातीइतकं वर घ्या, तिथे ते शांत होतं.

रिमोटची काडी मध्ये सोडली म्हणून हेलिकॉप्टर आपोआप सरळ होत नाही. डावीकडे सरकायला लागलं की थोडी उजवी द्यायची, थांबलं की तेवढीच लगेच उलटी देऊन काढून घ्यायची. हे काढून घेणं बोटांत भिनायला वेळ लागतो, सिम्युलेटरचे ते सगळे अर्धे तास त्याच्यासाठीच आहेत.

आयडल अपला (कसरतींच्या मोडला) तूर्त हात लावू नका. त्या मोडमध्ये घाबरून काडी खाली ओढली की पाती उलटा पिच घेतात आणि मशीन जमिनीत घुसतं. नॉर्मल मोडमध्येच उडवा आणि थ्रॉटल होल्डच्या (मोटर बंद करणाऱ्या) बटणावर एक बोट कायम ठेवा. पडणार असं वाटलं की वाचवत बसू नका, होल्ड मारा. पंखा थांबता थांबता पडलं तर पातीही वाचतात, गिअरही.

बॅटरी सेलमागे ३.५ व्होल्टच्या खाली नेऊ नका, आणि दोन-तीन दिवस उडवणार नसाल तर ३.८ वर ठेवा. पॉकेट आला की मोड २ वर आहे का ते तपासा, म्हणजे थ्रॉटल डाव्या हाताला. सेटिंगला अडलात तर स्क्रीनचा फोटो इथेच टाका, मी रात्री नऊनंतर असतो.