शनिवारची जुनी कुस्ती : वेम्बली, २९ ऑगस्ट १९९२

बी-५०३ :
नमस्कार मंडळी. काल रात्री आपल्या सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये आपण नऊजण होतो. ज्याने सामना निवडला त्यानेच रविवारी परीक्षण लिहायचे, असा आपला रिवाज पडला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. सामना होता डब्ल्यूडब्ल्यूएफ या अमेरिकी कंपनीच्या, निकाल आधीच ठरलेल्या कुस्त्यांच्या १९९२ च्या समरस्लॅम या कार्यक्रमातला, लंडनच्या जुन्या वेम्बली स्टेडियमवरचा : ब्रेट हार्ट विरुद्ध ब्रिटिश बुलडॉग, म्हणजेच डेव्ही बॉय स्मिथ. जाहीर झालेली प्रेक्षकसंख्या ८०,३५५. डब्ल्यूडब्ल्यूएफचा मुख्य किताब तेव्हा रँडी सॅव्हेजकडे होता आणि त्याची अल्टिमेट वॉरियरशी लढतही त्याच रात्री झाली, पण शेवटच्या सामन्याचा मान मिळाला तो या इंटरकॉन्टिनेन्टल, म्हणजे दुसऱ्या क्रमांकाच्या किताबाच्या लढतीला. बुलडॉग इंग्लंडचा, त्या मैदानावर घरचा माणूस. आणि ब्रेटची सख्खी बहीण डायना ही बुलडॉगची बायको. हे नाते कार्यक्रमापुरते रचलेले नव्हते, दोघे खरेखुरे मेहुणे होते.

म्हणूनच मी आधी मुलाखती दाखवण्याचा आग्रह धरला होता. भाऊ आणि नवरा समोरासमोर उभे राहणार असताना कोणाची बाजू घ्यायची, हा डायनापुढचा पेच त्या मुलाखतींनी आपल्या मनात इतका रुजवला, की पुढे सामना चालू असताना कॅमेरा प्रेक्षकांत बसलेल्या तिच्याकडे वळला तरी पुरे होत होते. कोणाला काही समजावून सांगावे लागले नाही. काल आपल्यापैकी दोघांनी तर मध्येच विचारले की, आता ती कोणाकडे पाहते आहे?

सामन्यात मला सर्वांत मोलाचे वाटते ते वरवर पाहणाऱ्याला दिसत नाही. ब्रेटने पुढे सांगितले आहे की, लढत सुरू होऊन थोडाच वेळ झाला असताना बुलडॉगने, आपल्याला ठरवलेले काहीच आठवत नाही, असे त्याच्या कानात सांगितले. समोर ऐंशी हजार लोक आणि जोडीदाराची पाटी कोरी! तेथून पुढे जवळजवळ प्रत्येक डाव ब्रेटने त्याला कानात सांगून करून घेतला. सामना सुमारे पंचवीस मिनिटे चालतो. ब्रेट मानेला मिठी घालून त्याला खाली दाबून धरतो ते प्रसंग पुन्हा पाहा. त्याचे तोंड प्रतिस्पर्ध्याच्या केसांआड असते आणि पाहणाऱ्याला वाटते की हा दम खातो आहे. प्रत्यक्षात तेवढ्या अवकाशात पुढची दोन मिनिटे सांगून होत असावीत. त्या सामन्यात ब्रेटच बुलडॉगला सांभाळून नेतो, आणि तरीही लोकांना दिसते ते असे की बुलडॉग बलदंड आहे आणि ब्रेट त्याच्यापुढे हळूहळू हतबल होतो आहे.

शेवटही तसाच नेटका. दोघेही जमिनीवर आडवे असताना ब्रेट पायांनीच पाय अडकवून आपला शार्पशूटर, म्हणजे पाय पिळण्याचा ठरलेला डाव, लावतो आणि बुलडॉग सरपटत दोरीपर्यंत पोहोचतो. मग ब्रेट त्याच्यावरून झेप घेऊन त्याला मागे खेचू पाहतो, तेव्हा बुलडॉग नुसता खाली बसतो आणि आपल्या पायांनी ब्रेटचे पाय अडकवतो. ब्रेटचे खांदे जमिनीला टेकलेले असताना पंच तीन आकडे मोजतो आणि किताब जातो. ठोसा नाही, फसवणूक नाही, बाहेरच्या कोणाची मदत नाही. त्यानंतर ब्रेट क्षणभर हस्तांदोलन नाकारतो, मग गळामिठी होते, डायना आत येते आणि आकाशात आतषबाजी सुरू होते. माझ्या मते त्या दशकाच्या पहिल्या पाच वर्षांत याच्या जोडीला बसतील असे सामने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत.

ए-१०२ :
परीक्षण आवडले, पण माझा मूळ आक्षेप मी पुन्हा नोंदवतो. मी तरुणपणी कोल्हापुरात तालमीत राहिलो आहे आणि खासबागच्या मैदानात दगडी पायऱ्यांवर बसून कुस्त्या पाहिल्या आहेत. ज्या कुस्तीचा निकाल आधी ठरतो तिला आमच्याकडे एकच शब्द होता, नुरा कुस्ती. नुरा लढणाऱ्या पैलवानाला वस्ताद दारात उभे करत नसत. तुम्ही त्याच गोष्टीला कला म्हणता, हे माझ्या गळी उतरत नाही.

बी-५०३ :
काका, तुमचा आक्षेप रास्त आहे आणि नुरा कुस्तीबद्दलचा तुमचा राग मला मान्य आहे. पण नुरा कुस्ती वाईट का, तर लोक खऱ्या लढतीचे तिकीट काढून आलेले असतात आणि त्यांना अंधारात ठेवले जाते. या कंपनीने १९८९ मध्येच न्यू जर्सीच्या सिनेटपुढे स्वतःहून सांगितले होते की हा मनोरंजनाचा कार्यक्रम आहे, खेळांच्या नियामक मंडळाच्या देखरेखीची त्याला गरज नाही. हेतू अर्थातच कर आणि नियम टाळण्याचा होता, तरी कबुली ती कबुलीच. त्यानंतर तीन वर्षांनी वेम्बलीत आलेल्या मोठ्या माणसांना आपण काय पाहायला आलो आहोत याची कल्पना होती. दशावतारात संकासुर हरणार हे ठाऊक असूनही गाव पहाटेपर्यंत बसून राहते. तेथे निकालाला महत्त्व नसते, तो कसा हरतो याला असते.

सी-२०४ :
मी कालच्या सामन्याला येऊ शकले नाही, पण काका, तुमच्या प्रश्नावर मला बोलायचे आहे. आमच्याकडे केबल नवी नवी आली तेव्हा मी शाळेत होते. भाऊ आणि मी या पैलवानांची ट्रम्प कार्डे जमवायचो, उंची, वजन आणि छाती तोंडपाठ असायची, आणि अंडरटेकरला सात जन्म आहेत ही गोष्ट आमच्या वर्गात कोणीही खोटी मानत नव्हते. तरीही माझ्या मनात राहिलेला सामना ताकदीचा नाही. तो आहे २४ मार्च १९९१ चा, लॉस एंजेलिसमधल्या सातव्या रेसलमेनियातला, म्हणजे याच कंपनीच्या वार्षिक मोठ्या कार्यक्रमातला, सॅव्हेज आणि वॉरियर यांचा. जो हरेल त्याने कायमचे निवृत्त व्हायचे, अशी अट होती.

सॅव्हेजची पूर्वीची साथीदार मिस एलिझाबेथ १९८९ मध्येच त्याच्यापासून दूर झालेली होती. ती जेव्हा सोबत असायची तेव्हा त्याच्यासाठी दोऱ्या उचलून धरायची आणि तो वाकून आत शिरायचा. वर्षानुवर्षे लोकांनी हे पाहिले होते. या सामन्यात सॅव्हेजने वरच्या दोरीवरून लागोपाठ पाच वेळा कोपर मारला, तरी वॉरियर उठला. शेवटी वॉरियरने सॅव्हेजच्या अंगावर एक पाय ठेवून सामना जिंकला. मग सॅव्हेजची नवी साथीदार शेरी त्यालाच लाथा मारू लागली, तेव्हा प्रेक्षकांत बसलेली एलिझाबेथ धावत आली आणि तिने शेरीला बाहेर काढले. आणि नंतर, निघताना, सॅव्हेजने तिला थांबवले आणि या वेळी स्वतः दोरी उचलून धरली. ती वाकून बाहेर पडली. कॅमेरा प्रेक्षकांवर फिरतो तेव्हा मोठी माणसे रडताना दिसतात. मीही रडले होते, आणि परवा पुन्हा पाहिले तेव्हा पुन्हा रडले. काका, त्या दोरीला कोणी नुरा म्हणू शकेल, असे मला वाटत नाही.

ए-१०२ :
ताई, दोरीचा प्रसंग तुम्ही लिहिलात तसा डोळ्यांसमोर आला. ते नाटक म्हणून उत्तम असेल, मी नाकारत नाही. कुस्ती म्हणून काय, एवढाच माझा प्रश्न राहतो.

सी-६०१ :
काका, मी या ग्रुपमध्ये सर्वांत लहान आहे, हे सारे सामने माझ्या जन्माच्या आधीचे आहेत, तरी विचारते. एखादा माणूस तासभर आखाड्यात उभा राहतो, हे तरी कुस्ती म्हणून धरता येईल ना? मागच्या महिन्यात आपण १९ जानेवारी १९९२ चा रॉयल रंबल पाहिला, अल्बनीतला. तीसजण एकामागून एक येतात, वरच्या दोरीवरून बाहेर पडला तो बाद. हल्क होगन आणि अंडरटेकर यांच्या दोन वादग्रस्त सामन्यांनंतर मुख्य किताब रिकामा ठेवला होता आणि रंबल जिंकणाऱ्याला तो मिळणार होता. रिक फ्लेअर तिसऱ्या क्रमांकावर आला. तेव्हा तो ४२ वर्षांचा होता. तो सुमारे एक तास आत राहिला आणि शेवटी सिड जस्टिसला बाहेर काढून जिंकला. होगनने बाहेरून सिडचा हात ओढून धरला होता म्हणून ते जमले, हे खरे. पण तासभर प्रत्येक नव्या माणसाचा मार झेलायचा, पडायचे, उठायचे आणि पुन्हा पडायचे, याला दम लागतोच.

बी-५०३ :
अगदी योग्य मुद्दा. त्यात मी एक भर घालतो. तो तास आपल्याला इतका जवळचा वाटतो याचे निम्मे श्रेय समालोचक बॉबी हीनन यांचे आहे. ते उघडउघड फ्लेअरच्या बाजूचे. फ्लेअर तिसऱ्या क्रमांकावर येताच ते हबकतात, नंतर दर दोन मिनिटांनी आनंदाने ओरडतात, रडकुंडीला येतात, काही वेळापूर्वी ज्याला शिव्या घातल्या त्याचेच फ्लेअरला वाचवल्याबद्दल आभार मानतात. शेजारी बसलेले गोरिला मॉन्सून त्यांना दटावत राहतात. आवाज बंद करून तोच सामना पाहिलात तर मधली वीस मिनिटे नुसती गर्दी वाटेल.

आणि त्यानंतरची मुलाखत! पडद्यामागे कार्यक्रमातले कंपनीचे अध्यक्ष जॅक टनी किताब सुपूर्द करतात, एका बाजूला हीनन आणि फ्लेअरचा साथीदार मिस्टर परफेक्ट, हातात माइक घेतलेले मुलाखतकार जीन ओकरलंड. फ्लेअरचे पांढुरके केस घामाने चिकटलेले, श्वास अजून जागेवर नाही, आणि तो म्हणतो की, डोळ्यांत पाणी घेऊन सांगतो, माझ्या आयुष्यातला हा सर्वांत मोठा क्षण आहे. मध्येच ओकरलंड कॅमेऱ्याबाहेरच्या कोणाला तरी खेकसून सिगारेट विझवायला सांगतात आणि पुढच्याच क्षणी फ्लेअरकडे वळतात. ते वाक्य कोणी लिहून दिलेले नव्हते हे ऐकताच कळते. त्या खोलीतला धूर आपल्यापर्यंत येतो. दुष्ट म्हणून रंगवलेल्या माणसाचा हा आनंद मला पूर्णपणे खरा वाटतो, आणि त्याच्यामुळे मागचा तासही खरा होतो.

एवढ्यावरून मला म्हणायचे आहे ते असे. १९९१ आणि १९९२ या दोन वर्षांतल्या उत्तम सामन्यांमध्ये मुलाखत म्हणजे नुसती जाहिरात नव्हती. मुलाखतीत एक ठेव ठेवली जायची आणि सामन्यात ती नेमक्या वेळी काढली जायची. जेक रॉबर्ट्स या पैलवानाच्या मुलाखती आपण पाहिल्या, त्या आठवा. बाकी सगळे शिरा ताणून ओरडत असताना तो आवाज खाली आणायचा, इतका की ऐकणाऱ्याने पुढे सरकावे. पुढे १९९१ च्या नोव्हेंबरमध्ये त्याने दोऱ्यांत अडकलेल्या सॅव्हेजच्या दंडाला नागाचा दंश करवला, तेव्हा त्या शांत आवाजाचा अर्थ लोकांना कळला.

ए-१०२ :
सर्वांचे वाचले. आज दुपारी नातवाकडून तुमचा वेम्बलीचा सामना एकट्याने पुन्हा लावून घेतला आणि या वेळी फक्त अंग पाहिले. जे दिसले ते प्रामाणिकपणे लिहितो. पाठीवर पडताना दोघेही हनुवटी छातीला लावतात, म्हणजे डोके आपटत नाही, आणि दोन्ही हात एकदम जमिनीवर आपटून भार वाटून घेतात. हे पडणे शिकायला महिने जातात. आमच्याकडे हौद्यात माती असते, यांच्याखाली फळ्या आहेत. बुलडॉग ब्रेटला डोक्यावर उचलतो तेव्हा ब्रेट अंग सैल सोडत नाही, पोटाचे स्नायू आवळून धरतो. सैल माणूस उचलता येत नाही, हे धोबीपछाड मारणाऱ्या कोणालाही विचारा. आणि शेवटी बुलडॉग खाली बसतो तेव्हा ब्रेटची मान दुमडलेली आहे. तेथे बुलडॉग दोन इंच मागे बसला असता तर मान गेली असती. जोडीला सांभाळून लढवणे हे तालमीत जोर करताना, म्हणजे सरावाची लढत करताना, वस्ताद शिकवतात, मैदानात नव्हे. म्हणजे मला असे म्हणावे लागेल की, हे लोक मैदानात जोर करून दाखवतात. याला मी कुस्ती म्हणणार नाही, पण नुरा हा शब्द मात्र मागे घेतो.

बी-५०३ :
काका, जोर करून दाखवतात, हे इतके नेमके आजवर मला कोणी सांगितले नव्हते. हरलेल्या ब्रेटचे पुढे काय झाले तेही सांगतो. सहा आठवड्यांनी, १२ ऑक्टोबर १९९२ रोजी, कॅनडातल्या सास्काटूनमध्ये त्याने फ्लेअरला हरवून मुख्य किताब मिळवला. मेहुण्याला जिंकवताना त्याने जे दाखवले, त्यावर कंपनीचा विश्वास बसला असावा, असे मला वाटते.

सी-२०४ :
पुढच्या शनिवारची निवड माझी आहे. ५ एप्रिल १९९२, इंडियानापोलिसचे हूझिअर डोम, आठवा रेसलमेनिया, ब्रेट विरुद्ध रॉडी पायपर. पायपर आणि हार्ट कुटुंब यांचा जुना घरोबा होता आणि सामन्याआधीच्या मुलाखतीत पायपर त्याच आठवणी काढून ब्रेटला डिवचतो, म्हणून मुलाखत वगळू नये, ही विनंती. सामन्यात ब्रेटच्या कपाळातून रक्त येते, पंच बेशुद्ध पडलेला असतो, आणि पायपर बाहेरून लोखंडी घंटा उचलून आणतो. घंटा डोक्याच्या वर धरलेली, समोर रक्ताळलेला मित्र, आणि सभोवती हजारो माणसे नको नको म्हणून ओरडत असतात. तो काय करतो ते येथे लिहीत नाही, कारण सी-६०१ ने तो सामना पाहिलेला नाही.

सी-६०१ :
ताई, मनापासून आभार. कृपया इतर कोणीही शेवट लिहू नये.

ए-१०२ :
मी साडेआठलाच येऊन बसतो. पुढची खुर्ची ठेवा, मला पायपरचे पाय पाहायचे आहेत. घंटा उचललेल्या माणसाचे मन आधी पायांत दिसते.