गळ, तंगूस आणि रिकामी पिशवी : मासे धरायला गेल्याचे तुमचे अनुभव

काल भाच्याने व्हॉट्सॲपवर मालवणच्या 'फिशिंग ट्रिप'चं रेटकार्ड टाकलं. चार तास, गळ, आमिष, लाइफ जॅकेट, वर सोलकढी. "मामा, दिवाळीत जाऊया?" मी हो-नाही काहीच न बोलता उजव्या हाताची तर्जनी बघत बसलो. तिच्यावर एक पांढरी रेघ आहे.

१९८७ चा मे महिना, आजोळ. शेजारचे तात्या रात्री होडीतून गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला न्यायचे. रॉड वगैरे भानगड नाही. लाकडाच्या फळीला गुंडाळलेलं तंगूस (गळाचा नायलॉनचा दोरा), टोकाला शिशाचा तुकडा, गरीला आमिष म्हणून सुंगट, म्हणजे कोलंबी. होडीत बसतानाच बजावलं होतं, "तंगूस बोटाक गुंडाळू नको हां, मोठो लागलो तर बोट घेवन जायत." मी अर्थातच गुंडाळलं. तासाभराने जो हिसका बसला, की मी ओरडायच्या आत तात्यांनी सुरीने तंगूस कापलं होतं. बोट वाचलं, मासा गेला. परत येईपर्यंत तात्या हळहळत होते, माशासाठी. बोटाचं कुणी विचारलंच नाही.

तर लिहा तुमचे किस्से. समुद्र, खाडी, नदी, काहीही चालेल.

सुका_जवळा : रेटकार्डात एक गोष्ट कधीच नसते. उलटी. देवबागच्या पुढे गेलो, बोट थांबवली नि गळ टाकले. चालती बोट परवडली, थांबलेली नाही. डिझेलचा वास, वर सकाळचे घावणे. चार तासांतले तीन मी बोटीच्या कडेला ओणवा. मुलाला एक शेंगटी मिळाली, ती पण काटा मारून गेली.

पिंपळपान : आम्ही जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तारकर्लीला जातोय. ट्रिप मिळेल ना? दोन लहान मुलं आहेत.

खाडीकाठ : @पिंपळपान जूनमध्ये? १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. विणीचा काळ, शिवाय समुद्र खवळलेला. प्रवासी होड्या तर २६ मे पासून ३१ ऑगस्टपर्यंत बंद असतात, सिंधुदुर्ग किल्लासुद्धा किनाऱ्यावरूनच बघायचा. पाऊस बघा, भजी खा.

पिंपळपान : अरे देवा. बुकिंगवाल्याने पैसे घेतले की! "सगळं चालू आहे मॅडम" म्हणाला.

सुका_जवळा : फोन चालू आहे असं म्हणाला असेल.

वेसावकरीण : आमच्याकडे आजोबा नारळी पुनवेला सोनेरी कागद लावलेला नारळ दर्याला दिल्याशिवाय होडी लोटत नसत. आता सरकारी तारीख १ ऑगस्ट. २०२३ ला पुनव ३० ऑगस्टला आली. महिनाभर कोण थांबणार, डिझेलची उधारी थांबते का? भाऊ १ तारखेलाच गेला, नारळ नंतर दिला. आजी त्या दिवशी जेवली नाही. बाकी ट्रिपचं ऐकून ती एवढंच म्हणाली, "पैसं देऊन म्हावरं धराला जातान?" आणि बोंबील उलटायला गेली. नंतर लिहिते, कुकर झाला.

पुणेरी_शाकाहारी : मी खात नाही तरी लिहिते. हर्णै बंदरावरचा मासळीचा लिलाव बघायला नवऱ्याने नेलं. होड्या लांब उभ्या, बैलगाड्या पाण्यात शिरून माल आणतात, बैलांच्या पोटापर्यंत पाणी. नाकाला ओढणी लावून तासभर उभी होते. कधी नाक सोडलं आणि कोलंबीचा भाव विचारायला लागले ते कळलंच नाही. सोमवारी ऑफिसात ओढणीवर खवलं निघाली. शेजारच्या टेबलावरच्या जोशीबाईंनी अजून माफ केलेलं नाही.

कॅलिफोर्नियात_मालवणी : इथे हाफ मून बेहून चार्टर बोटीने गेलो होतो. एक दिवसाचा परवाना काढायचा, रॉकफिश माणशी दहा, त्यापलीकडे एकही नाही. परत येताना बोटीवरचा पोरगा सटासट फिले (बिनकाट्याचे तुकडे) काढून देतो आणि डोकी, काटे समुद्रात. मागे पेलिकनची ही गर्दी! माझा जीव वरखाली. शेवटी त्याला म्हटलं, बाबा, सगळ्यांची डोकी मला दे. त्याला वाटलं मी मांजरं पाळते. चौदा डोकी घरी आणली, तिरफळ घालून कालवण केलं. त्या चार पांढऱ्या तुकड्यांचं काय केलं ते आठवतही नाही.

नदीकाठचा : समुद्र लांब आमच्यापासून. पहिल्या पावसात ओढ्याला चढणीचे मासे यायचे, रात्री बॅटरी आणि कोयता घेऊन जायचो. पायाला गुदगुल्या करत जायचे अक्षरशः.

खाडीकाठ : @नदीकाठचा तेच तर अंडी घालायला चाललेले असतात हो. समुद्रात बंदी आणि ओढ्यात कोयता. आता ओढ्याला किती येतात?

नदीकाठचा : चार वर्षांत एक दिसला नाही. वर बंधारा झाला, शेतात औषधं मारतात. पण आमचा कोयताही होताच, नाही कसं म्हणू.

अटकमटक : बाजारात बोटाएवढी पापलेटं बघून असंच होतं. २०२३ ला पापलेट राज्यमासा झाला, लहान मासे धरण्यावर नियम आले, आणि आमची कोळीण अजून "घे गो, कवळी हाय" म्हणते. मी घेते. 🙈

वेसावकरीण : घेऊ नका गं. आम्ही विकतो, पण तुम्ही घेऊ नका. 😄

पिंपळपान : पैसे परत देत नाहीये. म्हणतो सप्टेंबरमध्ये या. सप्टेंबरला मुलांच्या चाचण्या.

नदीकाठचा : धागाकर्ते, मासा कुठला होता तो?

धागाकर्ता : तात्या तांबोशी म्हणायचे. त्या रात्री दोन किलोची होती. दर मे महिन्यात वाढायची. १९९४ ला मी शेवटचा भेटलो तेव्हा सात किलोची झाली होती आणि माझं बोट जवळजवळ तुटलेलं. भाच्याला हो कळवलंय. ठाण्यात तंगूस कुठे मिळेल?

अटकमटक : @कॅलिफोर्नियात_मालवणी तिरफळं तिथे मिळतात?? की इथून नेता?